एक नुसतं ‘बरं’

“मीठ की खडा?”

चष्मा कपाळावर चढवायचा, चाकांची खुर्ची पायांनी रेटत माझ्या टेबलापाशी आणायची आणि माझ्या स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता हा प्रश्न टाकायचा, ही आमच्या काकांची पद्धत. मी टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. हेच काम मी लग्नाआधी गिरगावातल्या घरी फुकट करत होते, असं माझी आई सांगते. कोणाचा गबाळा कोड दिसला की माझं तोंड सुटायचं, आणि तोंड सुटलं की काकांची खुर्ची यायची.

“खडा असेल तर आत्ता ऊठ आणि सांग. मीठ असेल तर गप बस. तो विचारील तेव्हा सांग.”

खडा म्हणजे ज्याने दात पडेल असा दोष. प्रोग्रॅम बंद पडणार, आकडा चुकणार, कोणाचं तरी नुकसान होणार. मीठ म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताची चव. नावं कशी दिली, ओळी आत किती सरकवल्या, कंस कुठे बंद केला, एका ओळीत किती कोंबलं. त्याने प्रोग्रॅमला काही होत नाही, वाचणाऱ्याच्या डोक्याला मात्र होतं. तुम्ही या धंद्यातले नसाल, तरी असा माणूस तुम्ही पाहिला असेल. सगळं दिसत असून न बोलणारा. तो शहाणा की घुमा, हे ठरवायला आपल्याला वेळ लागतो.

काका म्हटलेलं त्यांना आवडत नसे, मालवणीत उखडायचे. “काका काय गो? मी काय तुझ्या बापाशीचो भाव?” पण आमच्या परळच्या ऑफिसात पन्नाशी ओलांडून अजून रोज कोड लिहिणारे ते एकटेच, आणि असा माणूस काका होतोच, त्याला इलाज नसतो. जन्म नायगावच्या बीडीडी चाळीतला. वडील गिरणीत होते. लग्न राहून गेलं, असं ते सांगायचे, छत्री घरी राहून गेली असं सांगावं तसं. आई होती तोवर दोघं, आई गेल्यावर ते आणि चाळीचा पॅसेज.

हे मीठ आणि खडा त्या पॅसेजमधलंच. एकदा मी साबुदाण्याची खिचडी आणली होती, त्यातली त्यांना एका डब्यात दिली. दुसऱ्या दिवशी डबा घासून पुसून परत आला, आत दोन चिकू. पुढच्या वेळी पेरू. एकदा नुसता कढीपत्ता होता. मी म्हटलं, “काका, हे काय?”

“रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. तुमच्या गिरगावात नाही का?”

आमच्याकडेही होतं, पण आता माणसं डबेच परत करत नाहीत. मग ते सांगत बसले. दोन्ही बाजूंना खोल्या आणि मधून तो लांबलचक पॅसेज. सगळी दारं उघडी, त्यामुळे कोणाच्या चुलीवर काय आहे ते नाकाला कळायचं. पण शेजारणीच्या डाळीला नाव ठेवायचं नाही. तिने वाटी पाठवली आणि “कशी झालीय?” विचारलं, तर सांगायचं की मीठ जरा पुढे गेलंय. तेही वाटी परत देताना, आणि परतीच्या वाटीत आपलं काहीतरी घालून. “आई म्हणायची, डोकावून बघितलेल्या डाळीची चव सांगू नये.”

“आणि खडा?”

“खडा ओरडून सांगायचा. त्याला वाटी लागत नाही.”

खड्याचा धडा मात्र काकांना ऑफिसातच मिळाला होता. परळमधल्याच एका दवाखान्यासाठी आम्ही पेशंटना आठवण करून देणारा प्रोग्रॅम करत होतो. आमच्यातल्या कोल्हापूरच्या भिडूने त्यात एका तारखेला रोमन अक्षरांत ‘kal’ असं नाव दिलं. त्याच्या मनात मराठी ‘काल’. त्याच्या शेजारी बसायचा गोरखपूरचा भय्या. त्याने पुढचा भाग लिहिताना तेच नाव हिंदीतलं ‘कल’ म्हणून वाचलं, आणि येणारा दिवस धरला. झालं. आदल्या दिवशी डॉक्टरांना दाखवून गेलेल्या पेशंटना मेसेज गेले की उद्या या. बरेचजण आलेसुद्धा. लालबागच्या एक आजी तर डॉक्टरांनी इतक्या मायेने परत बोलावलं म्हणून घरचे लाडू घेऊन आल्या होत्या.

काकांनी ते नाव आधीच पाहिलं होतं. मनात म्हणाले, मीठ आहे, त्याने कुठे विचारलंय. चूक निस्तरल्यावर ते माझ्याकडे येऊन म्हणाले, “मी नाव म्हणजे मीठ समजलो. खडा निघाला गो.” तेव्हापासून प्रश्न विचारण्याआधी ते जरा थांबू लागले. सोपा नियमही वापरून वापरून अवघड होतो.

आता मंचाबद्दल सांगायला हवं, कारण काकांचं खरं राहणं तिथेच होतं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मराठी लोकांनी इंटरनेटवर एक मंच काढला होता. कोणी अडलं की तिथे कोड टाकायचा, माहीतगारांनी उत्तर द्यायचं. काका त्यावर ‘नायगाव’ या नावाने होते. नाव घेताना दुसरं सुचलं नाही, म्हणाले. सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी येऊन ते मंच उघडत. कोणी पेपर उघडतं, तसं.

अशा मंचावर काय चालतं, ते बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल. एखादा बापडा विचारतो की माझी बेरीज चुकतेय, मदत करा. त्यावर पाच जण तुटून पडतात. नावं अशी का दिलीस? ओळी सरळ का नाहीत? हा कोड आहे की भेळ? बेरजेबद्दल एक अक्षर नाही. तो बापडा पुन्हा तिकडे फिरकत नाही, आणि पाचही जणांना आपण शिस्त लावली असं वाटतं. मीही त्यांतली एक होऊ शकले असते, माझा पिंड तोच. पण माझ्या शेजारी काका बसत.

काका आधी बेरीज दुरुस्त करून देत. त्याच्याच नावांत, त्याच्याच वेड्यावाकड्या ओळींत, जिथे चुकलं होतं तेवढंच. आणि शेवटी लिहीत, “आणखी एक सांगू का?” एवढंच लिहून थांबत. समोरच्याने “सांगा ना” लिहिलं तरच बाकीचं, तेही एका वेळी एकच. नाही लिहिलं तर नाही. भेळवाल्या एका गृहस्थांना त्यांनी एकदाच उत्तर दिलेलं मला आठवतं. “साहेब, त्याने नळ गळतोय म्हणून बोलावलंय. तुम्ही भिंतीच्या रंगाला का नावं ठेवता?” गृहस्थ चिडले आणि काकांनी पुढे वाद घातला नाही.

मग नायगावची चाळ रिकामी झाली. नवे टॉवर होणार, तोवर प्रत्येकाने भाडं घेऊन आपापली सोय बघायची. पॅसेज पांगला. कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला, कोणी कायमचं गावी. काकांनी लालबागच्या मागच्या अंगाला एका नव्या बिल्डिंगमध्ये एक खोली घेतली. पहिल्या रविवारी त्यांनी शिरा केला आणि वाटी घेऊन समोरची बेल वाजवली. दाराच्या भोकातून कोणीतरी बघितलं. आतूनच आवाज आला, “क्या चाहिए?” “कुछ नहीं” म्हणून काका परत फिरले. सोमवारी तो शिरा आम्ही ऑफिसात खाल्ला. काका ही गोष्ट हसत हसत सांगत होते, आणि आम्हीही हसलो. पण शिरा पुरून उरेल एवढा होता. अख्ख्या मजल्याच्या हिशेबाने केलेला.

त्याच सुमाराला मंचही ओस पडू लागला. कारण तुम्हाला माहीत आहे. आता कोणी माणसाला विचारत नाही. यंत्राला विचारतात, यंत्र लगेच सांगतं, कधी वैतागत नाही. मला ते सोयीचं वाटतं, मीही विचारते. काकांनाही त्याचा राग नव्हता. फक्त सकाळी मंच उघडून ते बराच वेळ कोऱ्या पानाकडे बघत बसायचे. मी विचारलं, “काय हो, गिऱ्हाईक नाही?” तर म्हणाले, “बरं आहे ना. लोकांची अडचण भागतेय.” आणि जरा वेळाने, मला नव्हे, स्क्रीनला म्हणाल्यासारखं, “मी आपला रिकामा.”

अशा दिवसांत त्या बाई आल्या. साताऱ्याकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या प्राथमिक शिक्षिका. मंचावर त्यांनी नाव घेतलं होतं तेही ‘बाई’च. त्यांनी लिहिलं होतं, “वर्गाच्या निकालाचा प्रोग्रॅम केलाय. आयुष्यातला पहिला. बघा.”

‘बघा’ या शब्दाने घात केला. आपल्या भाषेत ‘बघा’ दोन तऱ्हेचं असतं. दारात रांगोळी काढून बाई म्हणते, बघा, तेव्हा छान म्हणायचं असतं. आणि शिंप्याकडे ब्लाउज नेऊन म्हणते, बघा, तेव्हा काय बिघडलं ते सांगायचं असतं. इतर कुठल्याही दिवशी काकांनी हा फरक एका नजरेत ओळखला असता. पण कित्येक दिवसांत कोणी वाटी पाठवली नव्हती. त्यांना ती वाटी वाटली.

त्यांनी सकाळभर बसून लिहिलं. गुणांना अ, ब, क अशी नावं का देऊ नयेत. प्रत्येक मुलासाठी तेच तेच पुन्हा का लिहू नये. प्रत्येक भागाच्या वर तो काय करतो ते दोन शब्दांत का लिहावं. एकेक मुद्दा समजावून, उदाहरणं देऊन. मी तो मजकूर वाचलाय. त्यात एकही कठोर शब्द नाही, एकही चुकीचा नाही. फक्त “आणखी एक सांगू का?” नव्हतं. आणि प्रोग्रॅम बरोबर चालतो, हे लिहायचं राहून गेलं होतं.

दुपारी बाईंचं उत्तर आलं.

“बरं.”

बस. एक शब्द आणि पूर्णविराम. संध्याकाळपर्यंत त्यांनी आपला प्रोग्रॅम मंचावरून काढूनही टाकला.

मी काकांना असं कधी पाहिलं नव्हतं. चहाच्या वेळी ते मोबाइल हातात घेऊन एकेकाकडे गेले. “हे जरा मोठ्याने वाच.” कोल्हापूरच्या भिडूने मानेला झटका देऊन वाचलं, “बरंऽ! म्हणजे लई शाना आहेस, असं म्हणतीय काका ती.” गोरखपूरच्या भय्याने वाचलं आणि म्हणाला, “काका, बरं मतलब अच्छा ना? तो अच्छा ही बोली है. टेन्शन कायको लेते हो?” मी वाचलं तेव्हा मला ते साधं वाटलं, सांगितलेलं ऐकलं की आपण म्हणतो तसं. तसं मी सांगितलंही.

“तू गिरगावची. तुमचं ‘बरं’ बरंच असतं. घाटावर ‘बरं’ म्हणतात आणि दार लावतात.”

“ओ काका, घाटाला मधे आणू नका हां,” भिडू म्हणाला. सगळे हसले. काका हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंचावर लिहिलं, “बाई, तुमचा प्रोग्रॅम बरोबर चालतो. हे आधी सांगायला हवं होतं. बाकीचं मीठ होतं, मनावर घेऊ नका.” उत्तर आलं नाही. त्या आठवड्यात आलं नाही, त्या महिन्यातही नाही. रोज सकाळी त्यांचं एकच. “आल्या का गो बाई?” जणू मी मंचाची रखवालदार होते.

मी चिडले एकदा. म्हटलं, “काका, तुम्ही इतकं काय लावून घेताय? खरं तेच सांगितलंत ना?”

“खरं होतं ते. पण पहिल्यांदा केलेलं कोणी दाखवलं, आणि मी...” त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मग म्हणाले, “चाळीत असती तर दुसऱ्या दिवशी नळावर दिसली असती. तोंड बघून कळलं असतं, रागावलीय की नाही. इथे नुसतं एक अक्षर पडून राहतं.”

यानंतर काकांनी मंचावर उत्तरं देणं सोडलं. क्वचित कोणी काही विचारायचं. काका लिहायला घ्यायचे आणि पुसून टाकायचे. एकदा मी बघत होते. प्रश्न सोपा होता, उत्तर पूर्ण लिहून झालं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, सगळं पुसलं आणि चहाला गेले. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाला न दुखावता बोलायची पद्धत जपली, त्याला आता आपल्या तोंडाचाच भरवसा राहिला नव्हता. बाईंनी परत यावं आणि रागावले नाही एवढं म्हणावं, याखेरीज त्यांना कोणाकडूनच काही नको होतं.

माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागत. डबा परत यायचा, भरलेला. पण खुर्ची रेटत यायचे नाहीत. मी मुद्दाम मोठ्याने एखाद्या कोडला शिव्या घालायचे, तेव्हा लांबूनच बघायचे.

एका सोमवारी काका ऑफिसला आले नाहीत. फोन उचलला नाही तेव्हा भय्या आणि भिडू त्यांच्या खोलीवर गेले. काका झोपेतच गेले होते. कणकवलीला दिलेली त्यांची बहीण येईपर्यंत शेजारच्यांना त्यांचं नावही सांगता येत नव्हतं.

भोईवाड्याच्या स्मशानात मला वाटलं होतं, आम्ही ऑफिसची चार माणसं असू. पण विरारहून, डोंबिवलीहून, कुठून कुठून माणसं येत राहिली. सगळा पॅसेज आला होता. ती माणसं एकमेकांना मिठ्या मारून रडत होती आणि मधेच कुठे राहता, भाडं मिळतं का, असंही विचारत होती. काकांचा उल्लेख ती पूर्ण नावाने करत होती, वडिलांच्या नावासकट. बहुधा पॅसेजमध्ये त्याच नावाचा आणखी कोणी असावा. मी ते पूर्ण नाव तिथे पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं शेजारी बसून मला ते माहीत नव्हतं. एवढी माणसं आधी एका रविवारी आली असती, तर शिरा संपला असता.

पुढचं सांगते आणि थांबते. मंच बंद होणार अशी सूचना लागली, म्हणून मी काकांची जुनी उत्तरं उतरवून घ्यायला तिथे गेले. त्यांच्या त्या लांबलचक मजकुराखाली, त्या ‘बरं’च्या खाली, त्यांच्या माफीच्या खाली, नवा मजकूर होता. बाईंचा.

“सर, फार उशीर झाला. लगेचच माझी बदली झाली. इथे डोंगरात नेट येत नाही, मंच उघडायला तालुक्याला यावं लागतं. तुम्ही सांगितलं तसं सगळं परत लिहून काढायचं ठरवलं, म्हणून तेव्हाच प्रोग्रॅम काढून घेतला होता. तुमचं नंतरचं आज वाचलं. मी मनावर घेतलंच होतं, पण चांगल्या अर्थाने. माझं काही इतक्या बारकाईने कोणी वाचलं नव्हतं. आता नवीन केलाय. बघून सांगा. आणि वर तुमचं नाव घालायचं आहे. नुसतं नायगाव लिहिणं बरं दिसत नाही. तुमचं खरं नाव काय?”

खाली प्रोग्रॅम होता. गुणांना गुण म्हटलं होतं. प्रत्येक भागावर तो काय करतो ते दोन शब्दांत, मराठीत लिहिलं होतं. आणि सगळ्यात वर एक ओळ होती, “या प्रोग्रॅमला वळण लावणारे”, आणि तिच्यापुढे मोकळी जागा.

हे काकांना वाचायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आत्ता लिहितानाही वाटतंय.

मी तो प्रोग्रॅम माझ्याकडे चालवून बघितला. दोन ठिकाणी माझी जीभ शिवशिवली, ती मी आवरली. मग बाईंना आधी एवढंच लिहिलं की प्रोग्रॅम अगदी बरोबर चालतोय. त्याखाली काका गेल्याचं लिहिलं. आणि त्याखाली त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण, भोईवाड्याला ती माणसं घेत होती तसं.